मंगळवारची बस

अवं, मले विलायतेतलं स्थळ आलं होतं, माहीत आहे का तुले? घरात नुसती धमाल! आई प्रताप नगरभर सांगून आली, "पोरगी लंडनले चालली!"

मुलगा आला तो रंगीत फोटो घेऊनच. आमच्याकडे तेव्हा सगळे फोटो काळेपांढरे, म्हणून आम्ही तुटूनच पडलो. पण लंडन कुठंच नाही! त्याचं एवढंसं गाव, एक टेकडी, एक चर्च, एक दुकान.

"ही आमची नदी," तो म्हणाला.

बाबांनी चष्मा लावला. "नाली दिसून राहिली जी."

आईनं विचारलं, "अन् शहरात कसे जाता?"

"बसनं. दर मंगळवारी येते."

"बाकीच्या दिवशी?"

"बाकीच्या दिवशी रस्त्यावर मेंढ्या असतात," तो अभिमानानं म्हणाला.

आई त्याच्यासमोरच बाबांवर उखडली, "कन्हानच्या पोराले काहून नाही म्हटलं तुम्ही? खेड्यातला म्हणून! त्याच्या गावाले रेल्वे स्टेशन आहे!"

हळू हस वं. आमचे हे कन्हानवाले आत आपल्यासाठी चहा करून राहिले. त्यांले अजून वाटते, मी त्यांच्या फोटोवर भाळली.