नावाआधीची दोन अक्षरं

मी मूळचा जेऊरचा. आईबाप शेतात, अन मी स्टेशनवर गाड्या बघत बसायचो, ही माणसं कुटं चालली, आपण कवा जाणार. बी.कॉम.ला सोलापुरात आलो, एका सीएंच्या ऑफिसात कारकून लागलो, अन तितंच मनात बसलं, आपण पण सीए व्हायचं. परीक्षा दिल्या की, लई दिल्या. न्हाय झालो.

काय सांगू तुमाला, एकदम खोटं बोललोच न्हाय मी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलवाल्यांचे रिटर्न भरायला जायचो, ते म्हणायचे या सीएसाहेब, मी नुसता हसायचो. उन्हात सुताचा कचरा उडायचा, यंत्रमागांचा खडखडाट, त्यात तो शब्द कानावर आला की पाय जमिनीला लागायचेच न्हाईत. मग लग्न ठरलं, मधला पाव्हणा म्हणाला मुलगा सीए हाय, मी गप. नवरीला, सुमनला पण तेच सांगितलेलं. पुढं स्वतःचं ऑफिस काढलं, पाटी रंगवणारा पेंटर म्हणाला नावाआधी काय टाकू, म्हणालो टाका की, सीए. पिवळी अक्षरं, लई गोड दिसायची. कैक वर्षं पाण्यावर तरंगल्यागत गेली बघा.

अंबादासअण्णा मागवाले, तेलुगू घरातले, साधा माणूस. त्यांना नवीन मागांसाठी कर्ज पायजे हुतं, बँकेला सीएचा दाखला पायजे. मी दिला, सही केली. बँकेनं कागद परत पाठवला, सीएचा मेंबरशिप नंबर कुटं हाय म्हणून. अण्णा तो घेऊन आले, म्हणाले साहेब, घाईत नंबर टाकायचा राहिला असंल, टाका. त्यांना अजूनबी खरंच वाटत हुतं. पेन हातात हुता. कसलाबी आकडा लिहिला असता. पण त्यांच्या तोंडाकडं बघून म्हणालो, अण्णा, नंबर न्हायच. मी सीए न्हाय.

मी सीए न्हाय कळल्यावर बँकेनं तक्रार केली, केस उभी राहिली. वकील म्हणाला, सीए नसताना सीए लावणं अन सही करणं, हाच गुन्हा हाय, पहिल्यांदा दंड, परत केलं तर तुरुंगबी हुतो. वर त्यानंच सुचवलं, पेंटरनं चुकून लिहिलं म्हणा. जजबाईंनी इचारलं, गुन्हा कबूल हाय का? मागं सुमन बसलेली. म्हणालो, व्हय, कबूल. दंड झाला, भरला.

कोर्टातनं दोघं चालत निघालो. पार सात रस्ता चौकापर्यंत आलो, तवा सुमन म्हणाली, मला आधी सांगितलं असतं तर टाकून दिलं असतं का तुमाला?



अण्णांचं कर्ज लई लांबलं. अजूनबी रस्त्यात दिसले की नुसती मान हलवतात, थांबत न्हाईत. ते बरोबरच हाय त्यांचं. मी परत एका सीएंकडं कारकून हाय. परवा शेजारी नवीन बाई ऱ्हायला आल्या, सुमनला इचारलं, तुमचे मालक काय करतात? मी आतल्या खोलीत. कान देऊन ऐकत हुतो. सुमन म्हणाली, कारकून हाईत की. अगदी मोकळ्या आवाजात म्हणाली, अन त्यांना चहाला आत बोलावलं. मी उठून बाहेर गेलो, नमस्कार केला. बस, एवढंच. देव सगळ्यांचं भलं करो.