बाबांच्या नावाची पावती

...आन वर मलाच विचारतो, "दौलतशेठ, हे केसरीनाथ कोण?" अहो, कोण म्हंजे? माझे बाबा! जाऊन नऊ वर्षं झाली त्यांना! तर सीए बोलतो कसा, "मग टॅक्सची सूट तुम्हाला नाही, पावती त्यांच्या नावाची आहे." तुम्हाला सांगतो, माझी तक्रार न्हाय, पण...

झालं काय, आमच्या अंजूरला बाबांच्या शेतावर आता गोडाऊन हाय. भाडं येतं, मागनं टॅक्स येतो. मार्चात ह्याच टेमघरच्या सीएनं सांगितलेलं, "शाळेच्या ट्रस्टला स्कॉलरशिपसाठी पंचवीस हजार द्या, ऐंशी-जीची पावती आणा, थोडा टॅक्स वाचेल." गेलो. मोठ्या बाईंनी पावतीपुस्तक उघडलं, "नाव काय लिहू?" आता तुम्हीच सांगा, आपल्यात देवळाला पंखा दिला तरी पात्यावर 'कैलासवासी' येतंच ना? पंखा सुरू झाला की वाचता येत न्हाय, ती गोष्ट वेगळी! स्वतःचं नाव टाकलं तर गाव बोलणार, "दौलत लय मोठा झाला!" तोंडातून निघून गेलं... "लिहा, कै. केसरीनाथ." बाईंनी लिहिलंपण झोकात!

सीए बोलला, "बदलून आणा." घरी विनिताला सांगितलं, तर आमची बायको काय बोलते? "बाबांच्या जमिनीचं भाडं खाता, आन बाबांचंच नाव खोडायला निघालात?" माझी तक्रार न्हाय, पण पंचवीस हजार माझेच होते ना?

गेलो तरी. बाई बोलल्या, "बदलते की, द्या पावती. आणि हो, स्कॉलरशिप मिळालेल्या मुलीनं पत्र दिलंय." मुलगी म्हंजे भाग्यश्री, पाड्यावरची, दहावीला शाळेत पहिली आलेली. पत्र कोणाला? 'पूज्य केसरीनाथ आजोबांस'! आजोबा गेलेत, हे पोरीला कोणी सांगितलंच न्हाय! लिहिलेलं, "माझी आई बुधी वीटभट्टीवर जाते. मलापण तिथंच जावं लागणार होतं. आता मी अकरावी सायन्सला जाणार. देव तुम्हाला शंभर वर्षं आयुष्य देवो."

खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा चौथी शिकलेले. जन्मात त्यांना पत्र आलं ते एकच, जमीन मोजणीचं, सरकारी. ते वाचून दोन दिवस जेवले न्हाईत. हे दुसरं... आन ते वाचायला बाबा न्हाईत.

बाई हात पुढं करून बोलतात, "पावती?" मी बोललो, "घरी राहिली वाटतं." शर्टाच्या खिशातच होती!

मग काय! सूट बाबांची, पत्र बाबांना, शंभर वर्षं आयुष्यपण बाबांनाच, आन मी सकाळपासून टॅक्सचं चलन घेऊन बँकेच्या ह्या लायनीत, तुमच्या मागं उभा. माझी तक्रार न्हाय... सरका जरा पुढं, खिडकी उघडली. आन पेन असंल तर द्या, चलनावर नाव लिहायचं राहिलंय... माझंच हो! इथं कै. चालत न्हाय!