सगळ्यात मोठी पुंगळी

…नाही, तुम्हीच सांगा, माणसानं एकदा वाकायचं ठरवलं आणि त्याला वाकायलाच मिळालं नाही, तर त्यानं तक्रार करायची कुणाकडे? हसू नका! तुमचं काय जातंय हसायला, मनगट माझं सुजलंय, हे बघा, हे उजवं, डाव्याच्या दीडपट झालंय! आणि कशापायी? चार शब्दांपायी. चार शब्द हवे होते हो मला, तोफ नको होती!

तर तुम्हाला सांगतो, विस्कॉन्सिनमधल्या आमच्या गावाबाहेर नेमबाजीचा क्लब आहे, दर गुरुवारी सकाळी आम्ही सगळे रिटायर झालेले रिकामटेकडे तिथे पिस्तुलं घेऊन जातो आणि कागदाला भोकं पाडतो. शिकार नाही, भांडण नाही, त्या कागदानंही आमचं काही वाकडं केलेलं नाही… हौस! मी आणि माझा दोस्त लॉवेल, दोघंही पॉइंट बावीस कॅलिबरवाले. बावीस म्हणजे सगळ्यात बारकी गोळी. बारक्या गोळीवाल्यांची जागाही वेगळी, पार पाइनच्या झाडांमागे, पंगतीत नको असलेल्या पाहुण्यासारखी. पण आम्हाला काय, एकोणीस वर्षं लॉवेल बोलला आणि मी ऐकलं, मस्त चाललं होतं! मग ॲरिझोनाहून त्याची मुलगी आली, म्हणाली, "बाबा, आता हिवाळ्यात एकटं राहायचं नाही," आणि घेऊन गेली की त्याला. फोन करतो ना! "ऑरिन, इथे लय गरम आहे रे." मी म्हणतो, "इथे लय थंड आहे रे." झालं! संपलं बोलणं.

आता मी आयुष्यभर दुधाचा टँकर चालवला, पहाटे साडेतीनला उठायचं, अशा माणसाशी लग्न कोण करणार, नाही केलं कुणी! घरात मी आणि फ्रीज. फ्रीज निदान गुरगुरतो तरी. एका गुरुवारी क्लबच्या वाटेवर हॉटेलात थांबलो, "कॉफी" म्हणायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना! सोमवारपासून वापरलाच नव्हता ना! तिथल्या वाढणाऱ्या बाईनं मला सूप आणून दिलं. सकाळी आठ वाजता. प्यायलो. सांगणार कशानं?

त्या दिवशी झाडांमागे एकटा उभा राहिलो आणि पलीकडे मोठ्या गोळ्यांच्या मैदानाकडे बघत बसलो. तिथे काय होतं माहितीये? थोड्या थोड्या वेळानं कुणीतरी ओरडतं, "थांबा! पिस्तुलं रिकामी करून ठेवा, मागे व्हा!" लाल झेंडा वर जातो आणि सगळे, बाया-माणसं, एकदम खाली वाकतात. पुंगळ्या वेचायला! बार काढला की पितळेची रिकामी पुंगळी उडून पडते, ती घरी न्यायची, नवी दारू भरायची, परत वापरायची. आणि वाकलं की तोंडं सुरू! "व्हर्ना, ही तुझी का गं?" "माझी नाही बाई, माझी पंचेचाळीसची, ही त्या ड्वेनची असेल, मेला कोंबड्यांना दाणे टाकल्यासारखा टाकत सुटतो!" "व्हर्ना, तुझ्या जावयाला मिळाली का नोकरी?" "त्याला नोकरी मिळाली तर मी तुम्हाला केक खाऊ घालीन!" अहो, सगळं गाव तिथे वाकून बोलतं! आणि आमची बावीसची पुंगळी? पुन्हा भरताच येत नाही. कुणी वेचत नाही, महिन्याकाठी झाडूनं ढकलायची. वाकणं नाही, बोलणं नाही. चार शब्द हवे होते हो मला!

मग ठरवलं. मोठं कॅलिबर घ्यायचं!

गेलो वेंडेलच्या दुकानात. वेंडेल म्हणजे… सल्ला द्यायला लागला की गिऱ्हाईक म्हातारं होतं! "ऑरिन, लेका, शेवटी सुधारलास! नऊ मिलिमीटर घे, धक्का कमी, काडतुसं कुठेही मिळतात." तेवढ्यात ड्वेन आत. "नऊ? नऊ कसलं घेतोस, दहा घे, मर्दासारखं!" आणि मागून व्हर्ना, शाळेत हेडमास्तरीण होती, आवाज अजून तसाच, "पंचेचाळीस! हळू ढकलते, अंगावर येत नाही. तुम्ही दोघं गप्प बसा." तिघं माझ्यासाठी भांडतायत! मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, मी मुद्दाम अर्धा तास ठरवलंच नाही. "हो का? असं म्हणता? आणि त्याचं काय?" करत राहिलो. पण किती वेळ करणार? वेंडेल म्हणाला, "अरे, तुला नक्की हवंय काय? जोर? नेम? धक्का कमी?" आणि मी म्हटलं, "सगळ्यात मोठी पुंगळी कुणाची?" हो ना, डोळे अधू, बोटं ताठ, गवतात दिसायला नको? मग वेंडेलनं कपाटातून एक धूड काढलं. "चव्वेचाळीस मॅग्नम. पुंगळी बोटाएवढी." म्हटलं, "द्या!"

तुमच्यातल्या जाणकारांनी कपाळाला हात लावलाच असेल. अहो, ते रिव्हॉल्व्हर! त्याच्या पुंगळ्या उडत नाहीत, चक्रातच राहतात, आपण हातावर काढून घ्यायच्या! मला ठाऊक नव्हतं का? एकोणीस वर्षांत चांगलं ठाऊक होतं! पण डोक्यात फक्त वाकणं होतं ना!

गुरुवारी मोठ्या मैदानात उभा राहिलो. कानात बोळे, त्यावर आवाज अडवायची झाकणं, चाप ओढला… धडाम! नळी आभाळाकडे, टोपी मागे, मनगटातून कळ गेली ती थेट दाढेत! सहा बार कसेबसे काढले. लाल झेंडा वर. सगळे वाकले. आणि मी? ओंजळीत सहा गरम पुंगळ्या घेऊन उभा! एकटा! आजूबाजूला सगळ्यांच्या पाठी. खालून व्हर्नाचा आवाज आला, "ऑरिन, पाय उचल." उचलला. अहो, माझ्याशी बोलली ती!

पुढच्या वेळी मी शहाणा झालो. सहाच्या सहा पुंगळ्या मुद्दाम गवतात सांडल्या आणि वाकलो. वाकलो हो! तोंड उघडणार, तेवढ्यात ड्वेन धावत आला, "अरे, पडल्या तुझ्या? राहू दे, राहू दे, तू नको वाकूस!" आणि एका मुठीत सगळ्या उचलून माझ्या हातात! "मोठ्या आहेत ना, पटकन सापडतात!" आणि गेला. भला माणूस आहे हो, पण त्या क्षणी मला त्याला… जाऊ दे.

रात्रीतून मनगट फुगलं. डॉक्टर म्हणाले, "या वयात? बावीसच मारा." गेलो परत पाइनच्या झाडांमागे. आणि बघतो तर काय, तिथे एक माणूस! पिशवीवर नाव रंगवलेलं, हार्लन. हातात बावीसचं पिस्तूल, माझ्याएवढाच म्हातारा. मला काय करू नि काय नको असं झालं! तो काडतुसं भरायला थांबला की मी सुरू. टँकर, लॉवेल, सूप, पुंगळ्या, मनगट, सगळं सांगितलं. जे कधी लॉवेललाही सांगितलं नव्हतं तेही सांगितलं, की संध्याकाळी पाच वाजले की मला घराची भीती वाटते. आणि तो ऐकत होता हो! कागदाकडे बघत सारखा मान हलवत होता. माझे डोळे भरून आले.

मग त्यानं पिस्तूल रिकामं करून ठेवलं, माझ्याकडे वळला, स्वतःच्या कानांवर बोट आपटलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "चाळीस वर्षं चव्वेचाळीस मारली! त्या काळी कानात कोण काय घालायचं? आता मला काही म्हणजे काही ऐकू येत नाही! काय सांगू तुला, इकडे फार एकटं वाटतं रे… कुणी बोलतच नाही!"

मीही त्याच्यासारखीच मान हलवली.