बोलता आलं पाहिजे, गाता येता कामा नये

...म्हणजे आता गाऊनही दाखवायचं? अहो, मी पोट तपासायला आले होते, आवाजाची परीक्षा द्यायला नाही! पण थांबा, मी मधूनच सुरू केलं, तुम्हाला काय कळणार... हे सगळं त्या मेल्या वजनकाट्यापासून सुरू झालं. आमच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात वजनकाटा कुठे ठेवलाय? आत? पडद्यामागे? छे! भर बाहेरच्या खोलीत, बरोबर बाकासमोर, म्हणजे बसलेल्यांचा वेळ बरा जातो! आणि काट्यापाशी नर्सबाई. आवाज कसा, तर फलाटावर गाडी कुठे लागली ते सांगतात ना, तसा. 'चपला काढा ताई, चढा, हलू नका, श्वास घ्या...' श्वास कसला घेते! मी पोट आत ओढून उभी! सव्विसाव्या आठवड्यात! आत ओढून बाळाला ठेवणार कुठे होते, देव जाणे, पण सवय हो, सवय... 'ए-क्क्या-ण्णव!' बाकावरच्या सात जणींनी सात दिशांना बघितलं. माझ्याकडे सोडून!

आत गेले. डॉक्टरीणबाई शांत. त्या इतक्या शांत असतात ना, की मला धडकीच भरते. म्हणाल्या, "हे बघा, वजन आधीपासूनच जास्त आहे, आणि साखर उंबरठ्यावर आलीय. अजून घरात शिरली नाही, पण दार वाजवतेय. ही काही वजन उतरवायची वेळ नाही, उपाशीबिपाशी अजिबात राहायचं नाही. फक्त फार वाढू द्यायचं नाही, आणि हलायचं. रोज अर्धा तास चाला. तीन आठवड्यांनी परत रक्त तपासू. आटोक्यात आली तर उत्तम, नाही तर इन्सुलिन सुरू करू. घाबरण्यासारखं काही नाही."

घाबरण्यासारखं काही नाही! तुम्हाला सांगते, माणूस घाबरतो तो या वाक्यालाच. तोपर्यंत बरा असतो. इंजेक्शनची भीती नव्हती हो मला. मला भलतंच वाटत होतं... खाल्लं मी, वाढले मी, जिने सोडून लिफ्टनं गेले मी, आणि भोगायचं कुणी? त्या वीतभर जिवानं? ज्यानं अजून एक घास चावलेला नाही! तिथल्या तिथे मी ठरवलं. तीन आठवडे म्हणजे एकवीस दिवस. एकवीस दिवस म्हणजे एकवीस अर्धे तास. चालायचं. आभाळ कोसळलं तरी चालायचं!

आणि उठता उठता मला दुर्बुद्धी सुचली. विचारलं, "डॉक्टर, पण चालायचं किती जोरात?"

तर म्हणाल्या, "सोपं आहे. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये. गाता आलं तर फार हळू चालताय. बोलताही येईना, तर फार जोरात. आणि चक्कर आली, कळ आली, रक्त दिसलं, तर थांबायचं आणि मला फोन करायचा."

झालं! आता दुसरी कुणी असती तर हसून घरी गेली असती. पण मी पडले वाचनालयातली. नऊ वर्षं मी लोकांना 'पान दुमडू नये, पुस्तकात पेन ठेवू नये' सांगतेय. नियम म्हटला की मी तो अक्षरन् अक्षर पाळते. बोलता आलं पाहिजे, म्हणजे बोललंच पाहिजे! अर्धा तास! न थांबता! नाही तर कळणार कसं, वेग बरोबर आहे का ते?

पहिल्या दिवशी म्हटलं, दुपारी जेवणाच्या सुट्टीत वाचनालयातच उरकून घेऊ. कपाटांच्या रांगा लांबलचक, ऊन नाही, धूळ आहे पण ओळखीची आहे. निघाले. इतिहासापासून शेतीपर्यंत एक फेरी. आता बोलायचं कुणाशी? कपाटांशी! 'हे बघ, हे शास्त्र, हे चरित्र, हे कुणी नेत नाही, हे नेलं ते परत आलं नाही...' तेवढ्यात वाचनकक्षातून 'शूऽऽ!' अहो, माझाच शूऽऽ मलाच! मग कुजबुजत चालले. पण कुजबुजता येणं म्हणजे बोलता येणं का? की गाता न येणं? हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच नव्हतं! ग्रंथपाल सर चष्मा खाली ओढून म्हणाले, "ताई, बरं नाहीये का? घरी जा हवं तर." आता यांना काय सांगू? बोलता आलं पाहिजे, सर, पण गाता येता कामा नये?

घरी सांगितलं. घरात आम्ही चौघं. सासूबाई, सासरे, नवरा आणि मी. सासूबाई ताटात साय वाढता वाढता थबकल्या. "चालायचं? अगं बाई, दोन जिवांची तू! आम्हाला तर उठूसुद्धा देत नसत." म्हटलं, "अहो आई, तुम्ही त्या वेळी पन्नास किलोच्या होतात." "अठ्ठेचाळीस," म्हणाल्या, आणि साय वाढलीच. पण माणूस मोठ्या मनाचं. दुसऱ्या दिवशी चपला घालून दारात उभ्या! "चल, मी येते. बोलायचंच आहे ना? मला काय कमी विषय?"

विषय कमी नव्हते हो. पण काही माणसांना चालता चालता बोलताच येत नाही! निरोपासारखं काही असलं तर चालतात, पण गोष्टीत जरा रंग भरला की पाय रुततात. "आणि मग ती धाकटी काय म्हणाली माहितीये..." की थांबल्या! हात माझ्या दंडावर! मीही थांबले. सांगून झालं की चार पावलं. मग, "पण खरी गंमत पुढेच आहे," की परत थांबल्या! अर्ध्या तासात आम्ही कोपऱ्यावरच्या शिंप्यापर्यंत पोचलो. त्या वेगानं मी गाऊच काय, नाचूसुद्धा शकले असते!

तिसऱ्या दिवशी सासरे आले. सासरे जमीनमोजणी खात्यातून निवृत्त. गेल्या गेल्या त्यांनी खिशातून फीत काढली! खरीखुरी, पोलादी! आमच्या इमारतीच्या फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत, टाकीला वळसा, मागच्या भिंतीनं परत फाटक. खडूनं खुणा. "सूनबाई, एकशे चौऱ्याऐंशी मीटर. वळणासकट. आता मोजायला बरं." मोजणी चोख, पण बोलणं? अर्ध्या तासात चार वेळा 'हूं' आणि एकदा 'जपून, झाकण उघडं आहे.' बोलायचं सगळं मलाच. आणि त्यांनी पकडलं ते नेमकं दुसरं टोक! दर फेरीला टाकीपाशी आलो की गंभीरपणे, जसं काही हद्दीची खूण तपासतायत, "हं, म्हण."

"काय म्हणू, बाबा?"

"गाणं. म्हणता आलं तर वेग वाढवायचा."

आणि मला यायचं हो म्हणता! धाप लागली तरी एक ओळ यायचीच! मी आपली पोटावर हात ठेवून बडबडगीतं म्हणत टाकीला वळसे घालतेय, पुढे सासरे घड्याळ बघत... वरून खिडकी उघडली. "अहो, क्लास आहे का कसला? लहान मुलांना घेता का?"

त्या दिवशी मी घरी येऊन रडले. म्हटलं, एक साधं चालणं नीट जमत नाही, आणि ही निघाली आई व्हायला. पण रडून झाल्यावर डोळे पुसले आणि दिनदर्शिकेवर फुली मारली. तीन दिवस झाले होते. अठरा उरले होते. बोलता आलं पाहिजे, गाता येता कामा नये, आणि सोडता तर मुळीच येता कामा नये!

चौथ्या दिवशी नवऱ्याला धरलं. तो आला आनंदानं, पण लग्नाला चार वर्षं झाल्यावर नवरा-बायको अर्धा तास बोलणार काय? 'बिल भरलंस?' 'भरलं.' 'नळाचं?' 'उद्या येतो म्हणालाय.' संपलं! दोन मिनिटं झाली होती. पुढे अठ्ठावीस मिनिटं नुसत्या चपलांचा आवाज. मग सहज, अगदी सहज हं, मी म्हटलं, "तू तुझ्या त्या मित्रापुढे मला 'खात्यापित्या घरची' म्हणाला होतास. आठवतं?"

"मी? कधी?"

"लग्नानंतर दीड महिन्यानं. हिरवा शर्ट घातला होतास."

"अगं, मी कौतुकानं म्हणालो!"

"कौतुकानं? मग तो हसला का?"

आणि जे सुरू झालं... टाकी कधी आली, भिंत कधी गेली, पत्ता नाही! मी पुढे, तो मागे, मग तो पुढे, मी मागे, वाक्य तोडता तोडता दम लागतोय, पण वाक्य सोडवत नाही! फाटकापाशी सासरे उभे. "बारा फेऱ्या!" म्हणाले. "काल नऊ झाल्या होत्या. आज विषय कोणता होता?"

तुम्हाला सांगते, तिथे माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. भांडण! भांडताना माणूस बोलतोच बोलतो, आणि जगाच्या पाठीवर कुणीही भांडताना गात नाही! बोलता आलं पाहिजे, गाता येता कामा नये... अहो, डॉक्टरीणबाईंना दुसरं काय म्हणायचं असणार?

मग काय, मी वाचनालयातली! चार वर्षांची सगळी भांडणं वर्षवार लावली, त्यात विषयवार. सोमवारी उघडी राहिलेली कपाटाची दारं. मंगळवारी त्याचं 'पाचच मिनिटांत येतो.' बुधवारी माझा फुगलेला अबोला, त्याच्या मते एकूण चौदा प्रसंग. शिवाय जेवणानंतर दहा मिनिटं शतपावली घालायचो, ती किरकोळ तक्रारींवर भागायची. नवराही तयार होऊन यायचा हो. कचेरीतून येतानाच मुद्दे काढून! सासूबाई भाजी जास्त आणि भात कमी वाढायला लागल्या, म्हणाल्या, "जड पोटानं भांडवत नाही." पावसाची भुरभुर असली तर आम्ही जिन्याखालच्या लांब बोळात भांडायचो. एक दिवस नाही चुकवला.

पण एक घोटाळा झाला. नीट भांडलं, म्हणजे अर्धा तास पूर्ण, दार न आपटता, कुणी उठून न जाता, तर भांडण मिटतं! हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं! कपाटाची दारं बंद व्हायला लागली. पाच मिनिटं म्हणजे खरंच पाच मिनिटं. साठा उतरत चालला. विसाव्या दिवशी माझ्याकडे एकच उरलं होतं, आणि ते भांडण नव्हतंच.

तिसऱ्या फेरीला म्हटलं, "खरं सांग. बाळाला काही झालं, तर तू मला दोष देशील? माझ्या वजनाला?"

तो थांबायला गेला. मी म्हटलं, "थांबू नकोस, वेग पडतो."

चालत राहिला. टाकीला वळसा घातला. मग म्हणाला, "भीती मलाही वाटते गं. घरी बसलो की जास्त वाटते. म्हणून तर रोज येतो."

मला उत्तर द्यायचं होतं. घशातून शब्दच फुटेना. आणि नियम काय आहे? बोलताही येईना, तर फार जोरात चालताय. मग आम्ही हळू झालो. सासरे फाटकापाशी होते. त्यांनी त्या दिवशी विषय विचारला नाही.

एकवीस दिवस पूर्ण. रक्त दिलं. परत तोच बाक, तोच काटा, त्याच नर्सबाई, फक्त बरोबर नवरा. "ए-क्क्या-ण्णव, सहाशे ग्रॅम!" या वेळी मी पोट आत ओढलं नव्हतं. असू दे म्हटलं, ज्याचं त्याचं माप, होऊ दे गाजावाजा. आत डॉक्टरीणबाई कागद बघतायत, आणि माझं काळीज असं उडतंय की पोटातल्यानंही एक लाथ मारून विचारलं असावं, काय चाललंय? कागद उलटला. परत सुलटा केला. शांतपणे, बरं का, त्याच जीवघेण्या शांतपणे म्हणाल्या, "उपाशीपोटीची चांगली. जेवणानंतरची चांगली. वजन हवं तेवढंच वाढलंय, बाळाची वाढ छान आहे. इन्सुलिनची सध्या गरज नाही. शाब्बास! काय केलंत?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. नवरा म्हणाला, "चालत होतो. बोलत बोलत."

"उत्तम! मग जे करताय तेच बाळंतपणापर्यंत चालू ठेवा. अजून अकरा आठवडे आहेत."

अकरा आठवडे! बाहेर आलो. आनंदानं मला काही सुचत नव्हतं, पण पायऱ्या उतरता उतरता हिशेब डोक्यात शिरला. सत्त्याहत्तर दिवस! आणि आमच्याकडे भांडण म्हणून औषधालाही उरलेलं नाही! इतका गुणी झालेला नवरा घेऊन मी चालू कशी? म्हटलं, "अरे, आता काय करायचं रे?"

तो फुटपाथवर उभा राहिला. माझ्या पोटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, घसा खाकरला, आणि फासावर जाणाऱ्या माणसाच्या धीरानं म्हणाला,

"तुझ्या आईबद्दल सुरू करू का?"

...काय सांगू तुम्हाला! समोर बस उभी होती. रिकामी. आम्ही चालतच घरी गेलो, आणि वेग अगदी बरोबर होता.