पिवळे ठिपके

आई : ...आणि गेली बघा, वळूनसुद्धा पाहिलं नाही कार्टीनं. पहिली चक्कर बापाची असायला हवी होती.

बाबा : या पाठीनं मला त्या सीटवर बसवत नाही अजून. जाऊ दे तिला. नऊ वर्षं याच गॅरेजात एकेक पत्रा वाळूच्या पिशवीवर ठेवून ठोकला, गाडी बांधली, ती कुणीतरी चालवावी म्हणूनच ना.

आई : तुमचीच एकट्याची नाही हां ती गाडी. थोडी मीही आहे तिच्यात.

बाबा : तू? तू तर तिला सवत म्हणायचीस. हातोडा वाजला की दार लावून घ्यायचीस.

आई : तुम्ही पाठ धरून महिनाभर अंथरुणात होता, तेव्हाची गोष्ट. रोज खाली येऊन धूळ पुसायचे मी. सगळ्या नटांवर तुमचे पिवळे ठिपके, आणि पुढचे चार तेवढे कोरे. म्हटलं, राहिले वाटतं. रंगाची डबी तिथंच होती. दिले लावून.

बाबा : कुठले चार?

आई : उजव्या चाकाच्या आतल्या बाजूचे. वाकून वाकून कंबर मोडली माझी, पण लावलेत कसे सुबक. ...असे काय बघताय?

बाबा : नट पान्यानं पूर्ण आवळल्याशिवाय मी ठिपका देत नाही. आणि ठिपका दिला की त्याला परत पाना लावत नाही.

आई : मग ते चार?

बाबा : नुसते बोटांनी फिरवून ठेवले होते. सकाळी आवळणार होतो. सकाळी पाठ गेली.

आई : पण बरे झाल्यावर सगळं तपासलंत की तुम्ही. दोन दिवस गाडीखाली पडून होतात.

बाबा : ठिपके तपासले. सगळीकडे पिवळं दिसलं.

आई : त्या नटांनी काय धरलंय?

बाबा : स्टिअरिंग.

आई : अहो.

बाबा : फोन लाव तिला.

आई : लावतेय. ...इथंच वाजतोय. पान्यांच्या फळीवर.

बाबा : गाडीत फोन ठेवायला कप्पाच नाही केला मी. जुन्या धाटणीची हवी होती ना मला.

आई : आपली रोजची गाडी काढा. मागे जाऊ.

बाबा : तिची बॅटरी काढून हिला लावलीय.

आई : मग मी पळत जाते. कुठून गेलीय?

बाबा : पाण्याच्या टाकीला वळसा घालून उतारावरून पुलापर्यंत, आणि परत. तू कोपऱ्यावर पोचेपर्यंत ती उताराला लागलेली असेल. थांब. आवाज ऐक.

आई : येतोय. लांबून येतोय.

बाबा : आवाज आहे तोवर ती चालवतेय.

आई : तीसच्या वर नेऊ नको म्हणालात ना?

बाबा : म्हणालो.

आई : ऐकेल?

बाबा : माझी मुलगी आहे.

आई : म्हणूनच विचारतेय. ...नऊ वर्षं त्या गाडीला शिव्या घातल्या, तेव्हा काही झालं नाही. एकदा मायेनं हात लावला, तर हे.

बाबा : ठिपका म्हणजे काय, ते मी तुला कधी सांगितलंच नाही.

आई : मी तरी कधी विचारलं? ...अहो, आवाज थांबला.

बाबा : गिअर बदलत असेल.

आई : एवढा वेळ?

बाबा : मी मोजतो. पन्नासच्या आत येईल. एक. दोन. तीन. चार.

आई : नका ना मोजू.

(बाबा पुटपुटत मोजत राहतात, पन्नासच्या पुढेही. मग लांबून इंजिनाची घरघर.)

बाबा : तिला दारात येऊ दे. ओरडू नकोस, दचकेल. हात पण करू नकोस.

लेक : बाबा, लोणी आहे नुसती, लोणी. पुलापाशी एका आजोबांनी हात करून थांबवलं. बॉनेटवरून हात फिरवत म्हणाले, कुठल्या सालची? म्हटलं, कालची. तुम्ही दोघं भूत पाहिल्यासारखे का उभे?

बाबा : चावी दे.

लेक : आता आईची पाळी. ये, बस. स्टिअरिंग जरा लाडात आलंय हां, शेवटच्या वळणावर फिरवलं तरी क्षणभर सरळच चालली होती. जुन्या धाटणीच्या गाड्यांचं असंच असतं ना?

बाबा : चावी दे, बाळा.

लेक : घ्या. आई, किती घट्ट धरतेस. श्वास घेऊ दे.

आई : आत जा. तोंड धू. मी आलेच.

लेक : चहा टाकते तिघांना. आज दोघांचंही काहीतरी बिनसलंय.

आई : गेली ती. बघा आता. पाना देऊ?

बाबा : नको. थांब जरा.

आई : लागतोय का हात?

बाबा : लागतोय.

आई : किती सैल आहेत?

बाबा : नाहीत सैल. चांगले आवळलेले आहेत चारही. मीच आवळून विसरलो असेन. उगाच घाबरलो आपण.

आई : पाना न लावताच कळलं?

बाबा : कळतं हाताला. तू जा आत, चहा गार होईल.

आई : जाते. आधी मूठ उघडा. बोटांच्या फटीतून पिवळं दिसतंय.