आवार साफ करण्याचा भाव

आवार साफ करून घ्यायला किती लागतात, हे मला खुशाल विचार. फक्त आमच्या हिच्यासमोर विचारू नकोस.

गेल्या फाल्गुनात आमच्या जव्हारच्या घरामागे आंब्या-फणसाचा पाला घोटाभर साचला होता. छाटलेल्या फांद्यांचा ढीग वेगळाच. साखरशेतचा लखमाभाऊ ते बघून दारात थांबला.

"बाई, हा सगळा पाला नि फांद्या झाडून नेऊ का?"

काम घरी चालून आलं म्हणून ही खूश. "न्या की. किती?"

त्याने आवारभर नजर फिरवली. "पाचशे."

"पाचशे? काहीतरीच! तीनशे."

तो गडबडला. "तीनशेच?"

"वर एक रुपया नाही!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हिच्या घासाघिशीत तोंड घालायची माझी काय छाती!

दुपारपर्यंत त्याने आणि त्याच्या बायकोने आवार लख्ख करून टेम्पो भरला. ही तीनशे रुपये घेऊन बाहेर आली, तर लखमाभाऊही तीनशे रुपये पुढे करून उभा!

"हे कसले?"

"पाल्याचे. राबाला नेतो ना. शेतात जाळायचा नि तिथंच भाताचं रोप टाकायचं. फांद्या चुलीला."

हिचा चेहरा पडला. "अहो, मग तुम्ही पाचशे म्हणाला होतात ना?"

"म्हनलो होतो. तुमीच नको म्हनल्या."

पैसे हिच्या हातावर ठेवून तो टेम्पोत चढला आणि मला हळूच म्हणाला, "दादा, पुढच्या वर्षी पण भाव बाईंनाच करू द्या."