दादाच्या शिक्क्याचा चाकू

—नाही, आधी तुम्ही आवाज खाली करा, काका. ह्या दुकानात ओरडायचं काम माझं. आणि तो अंगठा माझ्या तोंडापुढं नाचवू नका, दिसली मला पट्टी. किती टाके? चार? बरं, चार. पण हा चाकू आमचा नाही. शिक्का आमचाय, ते मलाही दिसतंय — शाळा नाही झाली माझी, डोळे आहेत — पण शिक्क्याचं काय, कुणीही पाडून घेईल. माझ्या दादानं तेवीस वर्षं ह्याच बाकड्यावर बसून चाकू केले. एकानंही धरणाऱ्याला दगा दिला नाही. आणि तुम्ही दारातूनच ओरडत येताय, भंगार विकता म्हणून? त्याला जाऊन दीड महिना झाला, काका. दीड महिना. तो असता तर असं बोलला असतात? नसतात. कसा धरला होता तुम्ही? दाखवा. — तसा? जन्मभर झाडांची कलमं केली म्हणता आणि चाकू असा धरता, चमचा धरल्यासारखा?

बसा. बसा म्हणतोय ना. चाकू बघतात कसा ते दाखवतो, म्हणजे पुन्हा कुणी तुम्हाला नकली माल गळ्यात मारणार नाही. हा घ्या, हा दादाच्या हातचा. तीन पाती, तुमच्यासारखाच. खिडकीकडं धरा. पाठीची स्प्रिंग आणि हा पितळेचा पत्रा, मधून उजेड येतो? नाही येत. केससुद्धा जायचा नाही. आता पाठीवरून बोट फिरवा — पातं मिटून फिरवा, अर्धं उघडून फिरवा, पुरतं उघडून फिरवा. लागलं कुठं बोटाला? तिन्ही वेळा पाठ सपाट. हे जमायला मला आठ वर्षं लागली. म्हणजे जमलं नाहीच, पण आठ वर्षं लागली. आता पातं धरून डावी-उजवीकडं हलवा. हलतं? हलणारच नाही. आणि मिटताना धार आत स्प्रिंगवर आपटत नाही, तिला खाली जागा ठेवलेली असते. दुकानात चाकू घेताना लोक काय बघतात? चकाकी. चकाकी काय, कुणी पोरगंही आणेल कापडानं घासून. दादा म्हणायचा, गिऱ्हाईक चकाकी बघतं म्हणून आपणही तीच बघायची का रे गाढवा? गाढवा हे मला.

आता आणा तुमचं भंगार. उजेड... नाही येत. बरं. पाठ, मिटलेली — ठीक. अर्धी — वर आलीय स्प्रिंग, पण थोडीच. पातं हलत नाही. पाती एकमेकांना घासत नाहीत. खिळे कुठं मारलेत तेही कळत नाही, इतके घासलेत. नकली करणाऱ्यानं काम बरं केलंय. बरंच बरं केलंय की. आता नख घालायचं ह्या खाचेत, आणि ओढायचं —

आई गं. नखच वाकलं.

हं.

कुणी दिला हा तुम्हाला? — नाही, ओरडत नाही, विचारतोय. बाई होत्या? उंच, हळू बोलणाऱ्या? वहिनी ती आमची. मागच्या महिन्यात मी दुकानाची पायरी चढत नव्हतो, म्हणून ती बसत होती इथं. तिला काय कळणार ट्रेमधला कुठला कुणाचा? शिक्का बघितला, दिला.

थांबा, मध्ये बोलू नका.

ही भिंत दिसते? हिच्या पलीकडं दादाची खाट होती. छातीत सगळी सहाणेची धूळ, श्वास पुरायचा नाही, पण कान शाबूत. मी इथं काम करायचो आणि तो तिकडून ऐकायचा. पातं मिटताना कट्ट वाजतं ना, त्यावरनं सांगायचा — स्प्रिंग जाड राहिलीय, घास. तापल्या पात्याला पाणी जास्त पाजलंस, तडकेल. पुढं आवाजच जायला लागला, मग भिंतीवर थाप मारायचा. थाप आली की पुन्हा करायचं. मग थापही हळू झाली, कधी कधी येईचना, आणि मला वाटायचं, ह्याला ऐकूच जात नाही. बरोबर केलेला चाकू हळू वाजतो, त्याचा आवाज भिंतीपार जाणार कसा? म्हणून मी काय केलं — हा. हाच. स्प्रिंग घासलीच नाही. जाडच ठेवली. वाजला असा काय, काका! चाकू हातासाठी करतात, मी भिंतीसाठी केला. मिटवला, थांबलो. थाप नाही. पुन्हा मिटवला. थाप नाही.

म्हणून आत घेऊन गेलो. त्यानं खाचेत नख घातलं. नख वाकलं, पातं हललं नाही. मग मीच उघडून हातात दिला. आणि तो म्हणतो — चांगला झालाय. शिक्का मार.

खोटं बोलला! कळतंय का तुम्हाला? आठ वर्षांत माझा एक चाकू त्यानं चांगला म्हटला नाही. कचऱ्याच्या डब्यात टाकायचा, गिऱ्हाइकासमोर टाकायचा. एकदा तर अंगावर फेकला, ही बघा कोपरावरची खूण. आणि हा, जो कुणीही उघडायला गेला तरी सांगेल की माणसाचं बोट घेणार, हा चांगला? माणूस मरायला टेकला म्हणून काय वाट्टेल ते बोलायचं? त्यानं कानफटात द्यायला हवी होती माझ्या. हात उचलत नव्हता तर शिवी द्यायची. शिवी द्यायला किती श्वास लागतो? आणि मी एवढा मूर्ख, नाचत बाहेर आलो आणि मारला शिक्का. चौथ्या दिवशी तो गेला. टाके तुम्हाला पडले.

काय? दुरुस्त करून? होईल की. खिळे काढायचे, स्प्रिंग उतरवायची, दोन तासांचं काम. पण नाही करणार. तुम्ही तो घ्या, मघाशी दिलेला. हो, दादाचा, बदल्यात. पैसे कसले? त्याच्या हातचे सहाच उरलेत, आता पाच. वहिनी बोलेल, बोलू दे. हा मात्र परत मागू नका. भंगार म्हणालात ना? मग कशाला बघताय त्याच्याकडं? सोडा माझा हात.

आणि बाजारात सांगू नका की ह्या शिक्क्याचा चाकू... नाही, सांगा. खुशाल सांगा. फक्त म्हणा, धाकट्यानं केलेला होता. टाके ओले करू नका. निघा, काका. निघा म्हणतोय ना, मला काम आहे.